बोटीचा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा झाला आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी देवकी डोक्यात राख घालूनच नागपूरच्या गाडीत बसली. मांडीवर करंज्यांचा डबा होता. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जायचं नाही, असं वळण. जावयावर राग असला तरी करंज्या न्यायच्या. राग जास्त असला तर करंज्याही जरा जास्तच न्यायच्या. हे वळण ज्या कोणी घालून दिलं तो त्या गाडीत भेटला असता, तर देवकीनं डबा त्याच्या टाळक्यात घातला असता.

जावई नागपूरच्या महाल भागात राहायचा. धर्मेंद्र त्याचं नाव, धंदा विम्याच्या एजंटचा. अरुंद गल्लीतल्या घराची पुढची खोली त्यानं ऑफिस केली होती: काचेचं टेबल, गरगर फिरणारी खुर्ची, आणि भिंतीवर कंपनीनं दिलेल्या ढालींची रांग. कोणत्या लढाईत मिळवल्या, देव जाणे. देवकीची एकुलती एक लेक कामिनी चार वर्षांपूर्वी या घरात आली. लग्नाआधी ती कोराडीच्या एका शाळेत शिकवायची. लग्नानंतर ती 'सध्या घरीच' होती, आणि ते सध्या काही संपत नव्हतं. देवकी या खोलीत आली की खुर्चीच्या टोकावर बसायची, पाणी प्यायची, "बरं हाय ना सारं?" विचारायची आणि "बरं हाय" ऐकून निघायची. मुलीच्या आईच्या वाट्याला खुर्चीचं टोकच येतं.

आज मात्र काम घेऊन आली होती. बोट फुटली होती. बोटीचा विमा याच जावयानं उतरवला होता. आणि बोट कुठं फुटली हे सांगताना देवकीची जीभ अडखळत होती, कारण बोट फुटली होती पोळ्यात.

आता बोट पोळ्यात कशी गेली हे सांगायलाच हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईला भ्रम झाला.

टेंभुरडोह हे पारशिवनीच्या पुढचं, धरणाच्या फुगवट्याला टेकलेलं गाव. देवकीचा नवरा रुपराव तिथला शेतकरी. शनिवार-रविवारी नागपूरची माणसं गाड्या भरभरून धरणावर यायला लागली, तशी रुपरावनं बैलजोडी विकली आणि फायबरची बोट घेतली, मागे इंजिन लावलेली. बोट चालवायची देवकी. रुपराव काठावर उभा राहून आरोळ्या मारायचा, जॅकेटं वाटायचा आणि जोडप्यांचे फोटो काढून द्यायचा. घर त्या बोटीवरच चालायचं. रुपरावला खंत एकच होती. पोळ्याच्या दिवशी सगळं गाव आपापल्या जोड्या सजवून तोरणाखाली उभं राहायचं, आणि हा पांढरं धोतर नेसून, टोपी घालून, हातात कासरा नसलेला एकटा. गावातली माणसं चिडवायची. दोन वर्षं त्यानं हसण्यावारी नेलं. यंदा त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

"आपला बैल आता बोटच हाय," तो म्हणाला. "वर्षभर तेच राबते. मंग तिचा पोळा काहून नाई कराचा?"

"बोट पान्याची हाय, पान्यात राहू द्या," देवकी म्हणाली. "काठावरच नारळ फोडा."

पण ऐकेल तो रुपराव कसला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात तसं त्यानं इंजिनाला हळद-लोणी चोळलं आणि हात जोडून बैलाला म्हणतात तेच इंजिनाला म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी दहा-बारा जणांनी उचलून बोट त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवली. तिला झूल घातली, घुंगरं बांधली, पुढच्या टोकाला बाशिंग लावलं. गाव लोटलं बघायला. कोणीतरी खणखणीत आवाजात झडती, म्हणजे पोळ्यातलं गाणं, म्हटली:

"कोनाच्या बैलाले कडबा गा, कोनाच्या बैलाले ढेप,
रुपरावच्या बैलाले पेट्रोल पाजा, मंग मारते झेप!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

रुपराव ट्रॅक्टरवर असा बसला होता की जसा काही हत्तीवरच. ट्रॉलीच्या मागे मारोतरावांची जोडी उभी होती. मारोतराव शेजारी, वयानं वडील, गावातली सगळ्यात देखणी जोडी त्यांची. त्यातला उजव्या बाजूचा बैल लाख्या.

तोरण तुटलं, पोळा फुटला. ढोल, फटाके, हाकारे. बैल उधळले. रुपराव दचकला आणि त्यानं क्लच सोडला. ट्रॅक्टरनं पुढे हिसका दिला, दोर सुटले, आणि झूल घातलेली ती बोट ट्रॉलीवरून मागे घसरली. आधी बिथरून वळलेल्या लाख्याच्या मागच्या पायावर आणि मग मारुतीच्या पाराच्या दगडावर. बोटीचा तळ टरकन फाटला. लाख्या ओरडला. बैल असा ओरडतो हे देवकीनं जन्मात ऐकलं नव्हतं. ढोल एकदम थांबले. मारोतराव चिखलात गुडघे टेकून लाख्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि कोणाला काहीच बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे सगळं देवकीनं खाली मान घालून जावयाला सांगितलं. धर्मेंद्रनं ऐकलं, 'च्च च्च' केलं, आणि मोबाइलवर पॉलिसी काढून वाचायला लागला. वाचता वाचता त्याची खुर्ची फिरायची थांबली.

"मामीजी, जरा प्रॉब्लेम हाय. ही पॉलिसी पान्यातली हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे बोट धरणात असन, नाही तं काठाले बांधून असन, तेव्हा फुटली तं कंपनी देते. रस्त्यानं न्याची असन, ट्रॉलीवर चढवाची असन, तं त्याची जोडनी अलग घ्यावी लागते. ते आपन घेतली नाई."

"आन् मारोतदादाच्या बैलाचं? दुसऱ्याचं नुकसान झालं तं भरून मिळते, असं तुमीच म्हनत होते."

"मिळते ना. पन तेही बोट पान्यात असतानाच. आपली बोट दुसऱ्याच्या बोटीले धडकली, कोनी पान्यात पवनाऱ्याले लागली, असं." मग त्याला विनोद सुचला. "लाख्या पवत असता तं झालं असतं काम," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

देवकीच्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. ती तळमळणारी जनावराची मान अजून तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण जावई हसत होता, म्हणून तिनंही ओठ जरा ताणले. स्वतःच्या त्या ताणलेल्या ओठांची तिला अशी चीड आली की सांगता सोय नाही.

"मंग ह्या पॉलिसीत हाय तरी काय काय?" तिनं विचारलं.

"भरपूर हाय ना! फुल पॅकेज देलं मी तुमाले." धर्मेंद्र जरा सावरला. "बोट समुद्रात बंद पडली तं ओढून आनाचा खर्च. समुद्री चाच्यायनं लुटली तं भरपाई. बंदरात उभी असताना जहाजानं ठोकली तं. आन् मामाजी पुढच्या वर्षी पान्यावरची स्कूटर घेनार म्हनत होते ना, तं तिच्या शर्यतीचंही टाकून ठेवलं हाय."

समुद्र! नागपूरच्या माणसाला समुद्र! देवकीनं समुद्र उभ्या आयुष्यात एकदा पाहिला होता, तोही सहलीच्या गाडीच्या खिडकीतून. पारशिवनीच्या धरणात चाचे यायचे म्हणजे त्यांना आधी रामटेकच्या फाट्यावर उतरून ऑटो करावा लागला असता. हे पॅकेज किनाऱ्यावरच्या लोकांसाठी बनवलेलं, आणि याला त्यात मलिदा जास्त, म्हणून यानं ते आपल्याच सासऱ्याच्या गळ्यात बांधलं. जे लागणार नव्हतं ते सगळं घातलं, आणि गावातल्या गावात बोट ट्रॉलीवर चढते एवढं साधं विचारायचं राहून गेलं. हे तिला तिथल्या तिथे कळलं. ते समजायला ढाली लागत नाहीत.

पण मग इतके दिवस कसं कळलं नाही? तर कोणी वाचलंच नव्हतं. आणि वाचलं का नव्हतं, तर विमा धोंड्याच्या महिन्यात उतरवला होता.

यंदा अधिक महिना आला. धोंड्यात जावयाला बोलवायचं, जेवू घालायचं, वाण द्यायचं. धर्मेंद्र जेवायला बसला आणि म्हणाला, "मामाजी, मले वान नको. तुमी आपल्या बोटीचा विमा माझ्याकडून घ्या, तेच माझं वान." रुपराव असा फुलला! पुरणाच्या धोंड्यांवर तूप वाढता वाढता त्यानं तुपाच्याच बोटांनी सह्या केल्या. एकानंही कागद उलटून पाहिला नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याच्या समोर त्याचाच कागद वाचायचा म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं. पारशिवनीच्या बाजारात वांगं घेताना देवकी देठ मोडून बघायची, आणि ज्या बोटीवर घर चाललं होतं तिचा विमा मात्र डोळे मिटून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. इथे तर तेरावा महिनाच दुष्काळ घेऊन आला.

"तुमी समुद्राचं काहून घातलं?" हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तेवढ्यात आतून कामिनी चहा घेऊन आली. तिनं कप टेबलावर ठेवले, नवऱ्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं आणि परत आत गेली. लेक वाळली होती. गालाची हाडं वर आली होती. देवकीनं प्रश्न चहाबरोबर गिळला. आपण इथे दोन शब्द जास्त बोलून निघून जायचं, आणि त्या शब्दांचं व्याज भरायचं कामिनीनं. आजवर ती याच हिशेबानं गप्प राहत आली होती.

"टेन्शन नका घेऊ मामीजी," धर्मेंद्र म्हणाला. "बोट पान्यात ढकला. खुंटाले धडकून फुटली, असं सांगू. धरनात बुडालेल्या झाडाचे खुंट काय कमी हाय? कंपनीचा सर्व्हेयर येईन, दोन-चार मानसं हो म्हनतीन, झालं."

"आन् लाख्या?"

"त्याचा पाय खड्ड्यात गेला. बोट पान्यात होती म्हनल्यावर बैलाच्या पायावर ते पडनच कशी? नीट समजून घ्या. बैलाचं नाव निघालं की आपलं सारं गेलं. माझी एजन्सीही जाईन." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "कामिनीचंही त्याच्यातच हाय, मामीजी."

धमकी नव्हती म्हणे. अगदी आदरानं बोलला. जी लावून.

देवकी परतीच्या गाडीत बसली ती दात आवळूनच. वाटलं, घरी जाऊन नवऱ्याला सांगू, हे आपल्याला जमायचं नाही. पण गावात पोचली तर बोट पाण्यात होती. धर्मेंद्रचा फोन तिच्या आधी पोचला होता. गावातल्या माणसांनी बोट काठावरून आत लोटली होती, ती अर्धी बुडून तिरपी पडली होती, आणि रुपराव ओल्या धोतरानं उभा राहून दम टाकत होता.

"जवाईबापूनं सांगतलं तसं केलं," तो म्हणाला. "लय डोक्याचा मानूस हाय."

"डोक्याचा!" देवकी कडाडली. "समुद्राचा विमा उतरवला तुमच्या डोक्याच्या मानसानं! चाच्यायचा! तुमी सही करताना काय पाहत होते, धोंड्यावरचं तूप?"

"हळू बोल वं. जवाई हाय तो."

"तं काय झालं? जवाई हाय म्हनून खोटं खरं होते?"

"आपल्या पोरीचं घर हाय तिथं," रुपराव म्हणाला, आणि या एका वाक्यापुढे घरात कोणाचंच काही चालायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. देवकी तणतणत मारोतरावांकडे गेली.

मारोतराव गोठ्यात होते. लाख्या आडवा पडला होता, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. गुरांचा डॉक्टर येऊन गेला होता. जगेल, पण नांगराला चालणार नाही, म्हणाला होता. दुसरा बैल दावणीला उभा राहून लाख्याकडे बघत होता. जोडीतला एक गेला की दुसराही निम्माच राहतो.

"दादा, सर्व्हेयरपुढं तुमी खरं ते सांगा," देवकी म्हणाली. "बोट अंगावर पडली म्हना."

मारोतरावांनी लाख्याच्या अंगावरची माशी उडवली. "रुपराव येऊन गेला बाई मगाशी. पायावर डोकं ठेवलं त्यानं माझ्या. कामिनी माझ्या अंगनात खेळलेली हाय. आता एका बैलापाई मी तिचं घर मोडू का?"

देवकीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्यांचे खांदे धरून गदगदा हलवावेत असंही वाटलं. भल्या माणसांचा कधी कधी दुष्टांपेक्षा जास्त राग येतो. सगळे भले. सगळे कामिनीसाठी. आणि सगळ्यांच्या भलेपणावर तो महालातला माणूस खुर्ची फिरवत बसलेला.

सर्व्हेयर आली ती बाई निघाली. मिनल तिचं नाव. तरुण, जीन्स घातलेली, पायात गमबूट. धर्मेंद्रनं तिला आपल्याच गाडीतून आणलं होतं आणि शोभेला कामिनीलाही बरोबर घेतलं होतं. गाव काठावर जमलं. मिनलनं बोट बाहेर ओढायला लावली, तळाची भेग बघितली, फोटो काढले आणि विचारलं, "कशी फुटली?"

"खुंट, मॅडम," रुपराव म्हणाला. "पान्यात खुंट होता. धाडकन लागला."

"हो हो, खुंटच," दोघं-तिघं एकदम म्हणाले. "लय मोठा खुंट." शाळेत पाठांतर म्हणतात तसा सूर लागला होता. मिनलनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"बोट कोण चालवत होतं?"

एवढं ठरवायचं राहून गेलं होतं. मग धर्मेंद्र म्हणाला, "मामीजीच चालवतात. लय एक्सपर्ट." आणि सगळ्यांच्या नजरा देवकीकडे वळल्या. म्हणजे खुंटाला बोट घातली देवकीनं! इतकी वर्षं या पाण्यात एक ओरखडा न पाडणारी बाई, आणि आता कागदावर तिच्याच हातून बोट फुटणार. कामिनी गाडीला टेकून उभी होती. तिच्यासाठी, देवकीनं मनात म्हटलं. तिच्यासाठी हेही.

मिनल सांगायला लागली, "मावशी, तुमचा जबाब घ्यावा लागेल. आधी एक सांगते, सगळ्यांनाच सांगते. जबाब खोटा निघाला तर पॉलिसी रद्द होते आणि वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून आठवून बोला." मग तिची नजर काठावरच्या कडुलिंबाखाली गेली. मारोतरावांचा गोठा काठालाच लागून होता, आणि मोकळ्या हवेला म्हणून त्यांनी लाख्याला कसंबसं बाहेर आणून बसवलं होतं. "अरे, त्या बैलाला काय झालं?"

साधाच प्रश्न. गुरावर जीव असणाऱ्या कोणीही विचारला असता. मारोतराव पुढे आले. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"खड्ड्यात पाय गेला त्याचा, बाई," ते म्हणाले. "माझंच ध्यान नव्हतं. माझीच चूक हाय."

माझीच चूक! ज्या माणसानं सणाच्या दिवशी चिखलात बसून आपल्या बैलाचं डोकं मांडीवर घेतलं, तो गावापुढे हात जोडून म्हणतो, माझीच चूक. आणि धर्मेंद्र मान डोलावतो.

देवकीच्या आत जे काही बांधून ठेवलेलं होतं ते सगळं एका झटक्यात तुटलं.

"खोटं हाय!" ती ओरडली. पाण्यावरचे बगळे उडाले. "सारं खोटं हाय! त्यायची चूक नाई. बोट पान्यात फुटली नाई. बोट आमी पोळ्यात नेली होती, ट्रॉलीवर, झूल घालून, आमच्या मूर्खपनानं. ते लाख्याच्या पायावर पडली आन् मंग पाराच्या दगडावर फुटली. सारं गाव होतं तिथं. विचारा! आता सारे खुंट-खुंट करून राहिले ना, विचारा त्यायले, पोळ्याच्या दिवशी ट्रॉलीवर काय होतं?"

कोणी वर पाहिना. रुपराव डोक्यावर हात मारून खालीच बसला.

"मामीजी, तब्येत बरी नाई का तुमची?" धर्मेंद्र पुढे झाला. "मॅडम, त्या जरा..."

"माझी तब्येत ठनठनीत हाय." देवकी त्याच्याकडे वळली. टेंभुरडोहात आजवर कोणत्याही सासूनं जावयाकडे असं बोट केलं नव्हतं. "तुमी सांगा, जवाईबापू. ह्या धरनाच्या बोटीले समुद्राचा विमा काहून घातला? चाचे कुठून येनार होते, पारशिवनीहून? बोट ट्रॉलीवर चढते का, हे एक तोंडानं विचारलं असतं तं आमी सांगतलं नसतं का? आमी अडानी. तुमी तं ढाली घेऊन बसले ना भिंतीवर? वान म्हनून आमच्याकडून घेतलं ते काय होतं?"

धर्मेंद्रचा चेहरा तांबडा झाला. "तुमी सह्या केल्या," तो म्हणाला. "वाचाचं होतं."

"हो. वाचाचं होतं," देवकी म्हणाली. "तेवढं तुमचं खरं हाय."

मिनलनं पेन खिशात अडकवलं. ती चिडलेली दिसत होती, पण आवाज सरळ ठेवून बोलली. "मावशी, दावा मागे घेतला असं लिहून द्या, म्हणजे प्रकरण इथंच थांबेल. बोटीचे पैसे या पॉलिसीतून मिळणार नाहीत. पण बैलाचं नुकसान ट्रॅक्टर-ट्रॉलीवरचा माल पडून झालंय. ट्रॅक्टरचा विमा आहे ना? त्यात दुसऱ्याच्या नुकसानीची बाजू असते. तिथे जे झालं ते झालं तसं सांगून अर्ज करा. मिळेलच असं नाही म्हणत मी, पण तो खरा दरवाजा आहे. बैल खड्ड्यात पडला म्हटलं असतं, तर तो कायमचा बंद झाला असता." मग धर्मेंद्रकडे वळून म्हणाली, "मी बसनं जाईन." आणि खरंच ती फाट्याकडे चालायला लागली.

गाव हळूहळू पांगलं. पांगताना कोणी देवकीकडे बघितलं नाही. मारोतराव तेवढे जवळून गेले, थांबले आणि मग लाख्याकडे गेले. रुपराव पुटपुटत होता, "बोटही गेली, जवाईही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं."

धर्मेंद्रनं गाडीचं दार आपटलं. आत बसला आणि काच खाली करून म्हणाला, "कामिनी. चाल."

राग ओसरला की भीती येते, तशी देवकीला आली. आता घरी जाऊन हा काय करेल, काय बोलेल, किती दिवस बोलेल. ती लेकीजवळ गेली. "बाई, मले माफ कर," ती म्हणाली. "नाई राहवलं गेलं मले. आता तुले भोगा लागन. तुझ्यासाठीच तं इतके दिवस तोंड दाबून होती मी."

कामिनीनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यांत जो संताप होता तो देवकीनं आपल्या लेकीच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता.

"बोटीसाठी विचारलं तू ह्यायले," ती म्हणाली. "बैलासाठी विचारलं. भर गावात विचारलं, कोनाले नाई भ्याली. मंग माझ्यासाठी काहून नाई विचारलं, आई?"

"काय विचाराचं होतं वं?"

"माझी शाळा ह्यायनं सोडाले लावली, तेव्हा तुमी दोघं आले होते. पाहुनचार घेतला, 'बरं हाय ना सारं' म्हनलं आन् गेले. सोयरीक जमली तेव्हा मुलगा कसा हाय, घरात कसा बोलते, कोनी एक सवाल नाई केला. बाबा म्हने, जवाई भेटला, नशीब उघडलं. चार वर्षं तू खुर्चीच्या टोकावर बसून जाते. मले वाटे, आज विचारीन, आज विचारीन." "माझ्यासाठी गप्प राहिली म्हनू नको. माझ्यासाठी बोलाचं होतं."

जावयासाठी, नवऱ्यासाठी, गावासाठी, ते वळण घालून देणाऱ्यासाठी देवकीकडे शिव्या होत्या. या वाक्यासाठी काहीच नव्हतं, कारण त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. राग परत आला, पण आता तो फिरून तिच्याच छातीवर येऊन बसला.

गाडीचा हॉर्न वाजला.

काठावर बोट उपडी करून ठेवली होती, फाटलेला तळ वर. देवकीनं पदरानं तिच्यावरचा चिखल पुसला आणि लेकीचा हात धरून तिला तिथे बसवलं. मग स्वतः तिच्याशेजारी बसली, टोकावर नाही, चांगली ऐसपैस.

"आता विचारते," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

हॉर्न पुन्हा वाजला, लांब, अंगावर आल्यासारखा. कामिनी उठायला लागली.

"वाजू दे त्याले," देवकी म्हणाली. "तू सांग."